उंची किती आणि दिसते किती?

गावच्या जत्रेत आकाशपाळणा उभा राहिला की त्याची उंची हा मुलांच्या चर्चेचा विषय होतो. ‘यंदाचा पाळणा गेल्या वर्षीपेक्षा मोठा आहे,’ असे पाळणेवाल्याने ओरडून सांगावे आणि मुलांनी ते खरे मानून तिकीट काढावे, असा जणू रिवाजच आहे. वर गेल्यावर दिसते काय? देवळाचा कळस, नदीचे वळण, एसटीचे स्थानक आणि नशीब असेल तर आपल्या घराचे छप्पर. ते दिसले की पोर हरखून जाते. या आनंदात पाळण्याच्या उंचीचा वाटा किती आणि घर जवळ असण्याचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

मुलांनी तो प्रश्न विचारला नाही तर काही बिघडत नाही. पण महानगरे जेव्हा कोट्यवधी खर्चून ‘जगातील सर्वात उंच’ पाळणा बांधायला निघतात, तेव्हा तो विचारायलाच हवा. न्यूयॉर्कमध्ये तो वेळेवर आणि पुरेशा मोठ्या आवाजात विचारला गेला नाही. तिथला पाळणा कधी फिरलाच नाही. त्या प्रकल्पाची चिकित्सा आम्ही येथे करणार आहोत. तिला लागणारे गणित आठवी ते दहावीच्या पुस्तकांतले आहे. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

योजना काय होती?

न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी स्टेटन आयलंड हे बेट पर्यटकांच्या दृष्टीने नेहमीच उपेक्षित राहिले आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापासून तिथे जायला फेरीबोट आहे. सुमारे २५ मिनिटांचा हा प्रवास १९९७ पासून विनामूल्य आहे. वाटेत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, मागे वळून पाहिले तर मॅनहॅटनच्या उंच इमारतींची रांग दिसते. साहजिकच पर्यटक या बोटीत गर्दी करतात. पण बेटावर उतरले की बहुतेक जण लगेच परतीची बोट पकडतात. त्यांना थांबवायचे कसे, ही बेटवासीयांची जुनी चिंता आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी यावर उपाय जाहीर केला. बोटीच्या धक्क्याशेजारी, सेंट जॉर्ज येथे, जगातील सर्वात उंच आकाशपाळणा उभा राहणार होता. त्याची उंची सुमारे १९२ मीटर, म्हणजे साठ मजली इमारतीएवढी ठरली. त्याला काचेचे ३६ कक्ष, प्रत्येकात ४० माणसे, अशी एका वेळी १,४४० माणसांची सोय होती. एक फेरी ३८ मिनिटांची होणार होती. चाकाचा खर्च २३ कोटी डॉलर सांगितला गेला. तो खासगी गुंतवणुकीतून उभा राहील, जागा शहराची राहील आणि बेटाला रोजगार मिळेल, असे आश्वासन होते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. २०१३ मध्ये शहराच्या नगरसभेची मंजुरी मिळाली, २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. उद्घाटनाची तारीख वर्षामागून वर्ष पुढे ढकलली गेली. २०१६ मध्ये प्रचंड पायांचे भाग बोटीने बंदरात येऊन पोचले. २०१७ च्या मे महिन्यात मालक कंपनी आणि चाकाचा आराखडा करून ते उभारणारी मंडळी यांच्यात वाद होऊन काम थांबले. खर्चाचा अंदाज तोवर ६० कोटी डॉलरच्या आसपास गेला होता. प्रकरण न्यायालयात पोचले. शहराने सार्वजनिक आधार द्यावा, ही विनंती नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी नाकारली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर झाले. तयार झालेले भाग विकायला काढण्यात आले. मोटारी ठेवण्याची बहुमजली इमारत तेवढी बांधून पूर्ण झाली. ज्या पाळण्याच्या प्रेक्षकांसाठी ती होती, तो मात्र उभा राहिला नाही.

प्रकल्प बुडाला तो करारातील वाद आणि पैसा यांमुळे. तो भौतिकशास्त्राने बुडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आमचा मुद्दा वेगळा आहे. हा पाळणा ठरल्याप्रमाणे उभा राहिला असता, तरी तो जे द्यायचे म्हणत होता ते उंचीच्या जोरावर त्याला देता आले असते का?

क्षितिजाचे गणित

‘जितके उंच जाऊ तितके दूरचे दिसेल’ हे खरेच आहे, पण ‘जितके-तितके’ या शब्दांत एक फसगत दडलेली आहे.

फळ्यावर पृथ्वीचे वर्तुळ काढा. त्याच्या बाहेर, पृष्ठभागापासून ‘उ’ उंचीवर निरीक्षक आहे. त्याच्या डोळ्यापासून वर्तुळाला स्पर्शिका काढा. स्पर्शबिंदू हे त्याचे क्षितिज. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन असतो, म्हणून पायथागोरसचा सिद्धांत लावता येतो. पृथ्वीच्या मानाने उंची अगदी क्षुल्लक असल्यामुळे बारीक पद सोडून दिले, तर क्षितिजाच्या अंतराचा वर्ग हा पृथ्वीचा व्यास गुणिले उंची एवढा येतो. म्हणजेच अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर धरला, तर उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते.

आता काही खऱ्या पाळण्यांची उत्तरे काढू. व्हिएन्नाचा १८९७ चा जुना पाळणा जवळजवळ ६५ मीटर उंच आहे. त्याचे क्षितिज सुमारे २९ किलोमीटरवर. लंडनचा २००० साली लोकांसाठी खुला झालेला पाळणा १३५ मीटर, क्षितिज सुमारे ४१ किलोमीटर. ‘स्वच्छ हवेत ४० किलोमीटरपर्यंतचे दिसते’ अशी त्याची जाहिरात असते. तिच्याशी आपले उत्तर छान जुळते. लास व्हेगासचा २०१४ चा पाळणा १६८ मीटर, क्षितिज ४६ किलोमीटर. आणि न्यूयॉर्कचा नियोजित १९२ मीटर, क्षितिज साडेएकोणपन्नास किलोमीटर.

व्हिएन्नाच्या जवळजवळ तिप्पट उंची गाठूनही क्षितिज दुप्पट होत नाही. लास व्हेगासचा विक्रम मोडण्यासाठी जी २४ मीटर उंची वाढवायची होती, तिने क्षितिज फक्त तीन-सव्वातीन किलोमीटर मागे सरकणार होते. एवढे अंतर आपल्याकडची मुले शाळेला चालत येतात.

कोणी म्हणेल, दिसणारे क्षेत्रफळ तर अंतराच्या वर्गाने वाढते. बरोबर आहे. म्हणून क्षेत्रफळ उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. परंतु ही वाढ सगळी कडेला होते, जिथे वस्तू आधीच धूसर आणि बारीक झालेल्या असतात. शिवाय ५० किलोमीटर ही भूमितीने घातलेली मर्यादा आहे. हवेतली धूळ, धूर आणि बाष्प यांची मर्यादा बहुतेक दिवशी त्याच्या पुष्कळ आधी येते, आणि ती पोलाद वाढवून मागे सारता येत नाही.

पोलादाचे गणित

फायदा वर्गमुळाने वाढतो, तर खर्च कशाने वाढतो? येथे गॅलिलिओची आठवण काढायला हवी. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की एखादी रचना त्याच प्रमाणात मोठी केली, तर तिचे वजन लांबीच्या घनाने वाढते, मात्र तिची ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गावर अवलंबून असते. हत्तीचे पाय हरणाच्या पायांपेक्षा प्रमाणाने जाड का असतात, याचे उत्तर यातच आहे.

आकाशपाळणा या नियमातून सुटत नाही. लंडनच्या पाळण्यात सुमारे १,७०० टन पोलाद आहे. दुबईत २०२१ साली सुरू झालेला पाळणा २५० मीटर उंच आहे, म्हणजे लंडनच्या १.८५ पट. १.८५ चा घन सुमारे ६.३. त्याने १,७०० ला गुणले तर पावणेअकरा हजार टनांच्या आसपास आकडा येतो. दुबईच्या पाळण्याला लागलेले पोलाद ११,२०० टन असल्याचे सांगतात. दोन्ही पाळण्यांच्या आधाराची रचना वेगळी आहे, तेव्हा हे इतके जुळून येण्यात योगायोगाचाही भाग असणार. पण वाढीची दिशा कोणती, हे त्यातून कळते. सहा-साडेसहापट पोलाद खर्चून क्षितिज मात्र १.३६ पट, म्हणजे ४१ किलोमीटरवरून ५६ किलोमीटरवर गेले.

हाच हिशोब न्यूयॉर्कला लावा. लास व्हेगासहून उंची १४-१५ टक्क्यांनी जास्त. घन काढला तर पोलाद दीडपट. आणि मोबदल्यात तीन किलोमीटर.

त्यात वाऱ्याची भर पडते. जमिनीपासून वर जावे तसा वारा जोराचा होतो आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. स्टेटन आयलंडची जागा तर थेट बंदराच्या काठावर. योजना जाहीर होऊन जेमतेम महिना झाला होता, तोच २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ वादळाने याच किनाऱ्याला झोडपून काढले आणि बेटावर मोठी प्राणहानी झाली. समुद्रकिनारी उंच बांधकाम करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण असे बांधकाम महाग पडते, हे पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्यात दिसायला हवे. २३ कोटींचे ६० कोटी झाले याचा अर्थ, जे यंत्र जगात पूर्वी कोणी केलेले नाही त्याची किंमत कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही ती ठाऊक असल्यासारखी सांगण्यात आली.

अंगठ्याचे माप

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. प्रेक्षक वर जातो तो क्षितिज मोजायला नव्हे. त्याला काहीतरी ओळखीचे, भव्य पाहायचे असते. ती वस्तू डोळ्याला केवढी दिसते, हे तिच्या उंचीला तिच्या अंतराने भागून कळते. कोनाचे हे माप आपल्या हातातच आहे. हात ताठ लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याची रुंदी डोळ्याशी सुमारे २ अंशांचा कोन करते. करंगळी सुमारे १ अंशाचा आणि बंद मूठ सुमारे १० अंशांचा.

लंडनच्या पाळण्यापासून संसदेचा घड्याळाचा मनोरा अर्ध्या किलोमीटरच्या आत, थेम्सच्या पलीकडच्या काठावर आहे. मनोरा ९६ मीटर उंच. कोन येतो सुमारे १२ अंश, म्हणजे एका मुठीहून थोडा जास्त. मनोरा डोळ्यांत भरतो.

सेंट जॉर्जच्या धक्क्यापासून मॅनहॅटनची सर्वात उंच इमारत, ५४१ मीटरचे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, सुमारे ९ किलोमीटर दूर आहे. कोन साडेतीन अंशांच्या आत. लंडनच्या मनोऱ्याहून साडेपाचपट उंच असलेली ही इमारत दोन अंगठ्यांच्या मागे लपते. आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा? चौथऱ्यासह ९३ मीटर उंच, अंतर साडेपाच किलोमीटरहून थोडे जास्त. कोन १ अंशाच्या आतबाहेर. जगप्रसिद्ध पुतळा करंगळीआड जातो.

पाळणा १९२ मीटरऐवजी ३०० मीटर केला असता, तरी ही करंगळी बदलली नसती. कारण वर गेल्याने दूरची वस्तू जवळ येत नाही.

उंचीचा एक खरा उपयोग आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल. दाट वस्तीत समोरच्या इमारती दृष्टी अडवतात. त्यांच्या माथ्यावर जाण्यापुरती उंची मिळाली की शहराचा नकाशा एकदम उलगडतो. लंडनमध्ये हे घडते. परंतु सेंट जॉर्ज आणि मॅनहॅटन यांच्यामध्ये आहे पाणी. तिथे अडवणारे काहीच नाही. बोटीच्या डेकवरून जे दिसते तेच पाळण्यातून दिसणार, फक्त कोन बदलून. उलट बोट तर पुतळ्याच्या पुष्कळ जवळून जाते, आणि पैसे घेत नाही. म्हणजे ज्या दृश्यासाठी तिकीट लावायचे होते, ते दृश्य प्रेक्षक तिथे पोचण्याआधीच फुकट पाहून आलेला असणार होता. प्रकल्पावरचा आमचा सर्वात मोठा आक्षेप हाच आहे. उंचीची गरज जिथे सर्वात कमी होती, तिथे सर्वात जास्त उंची ठेवण्यात आली.

मग उंची हवी कशाला होती? विक्रमासाठी. विक्रम जाहिरातीसाठी हवा होता, आणि जाहिरात पर्यटकाला बोटीतून उतरवण्यासाठी. ही साखळी समजण्यासारखी आहे. पण तिचा दृष्टीशी संबंध नाही.

विक्रमाचे आयुष्य

विक्रम तरी किती टिकतो? लंडनचा पाळणा २००० साली सर्वात उंच होता. २००६ मध्ये चीनमधील नानचांगने १६० मीटर गाठले. २००८ मध्ये सिंगापूरने १६५. २०१४ मध्ये लास व्हेगासने १६८. २०२१ मध्ये दुबईने २५०. न्यूयॉर्कचा पाळणा २०१८ मध्ये उघडला असता, तर त्याचा विक्रम तीन वर्षे टिकला असता. गंमत म्हणजे न्यूयॉर्कची घोषणा झाल्यावर काही महिन्यांतच, २०१३ च्या फेब्रुवारीत, दुबईने आपली योजना जाहीर केली होती, आणि तीतली उंचीसुद्धा न्यूयॉर्कहून जास्त, २१० मीटर होती. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये पहिली कुदळ पडण्याच्या दोन वर्षे आधीच विक्रमाचा पाया खचलेला होता. तरी बेत बदलला नाही.

इतिहासही सावध करणारा आहे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पुलांच्या अभियंत्याने पहिला महाकाय पाळणा उभारला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर म्हणून केलेला हा पाळणा सुमारे ८० मीटर उंच होता. ३६ डब्यांत प्रत्येकी ६० माणसे बसत. प्रदर्शनात तो गाजला, पण फेरिसच्या वाट्याला पैशांचे वाद आले. १८९६ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून त्याचे चाक पाडण्यात आले. त्याच काळातला व्हिएन्नाचा पाळणा मात्र आजही फिरतो आहे. १९१६ मध्ये तो पाडण्याची परवानगी निघाली होती, पण पाडायला पैसे नव्हते म्हणून तो वाचला. दुसऱ्या महायुद्धात जळाल्यावर तो पुन्हा उभा करताना ३० डब्यांऐवजी १५ च लावले. त्याच्याकडे आज कुठलाही विक्रम नाही, तरी तो शहराच्या ओळखीचा भाग झाला आहे.

याउलट बीजिंगचा २०८ मीटरचा आणि बर्लिनचा नियोजित पाळणा उभेच राहिले नाहीत. दुबईचा पाळणा २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन २०२२ च्या मार्चमध्ये बंद झाला, तो २०२४ च्या डिसेंबरअखेरीस पुन्हा उघडला.

चाक फिरते तेव्हा

हे चाक अभियांत्रिकीचा सुंदर नमुना आहे, हे सांगितल्याशिवाय ही टीका पुरी होणार नाही. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे दाबले जातात. खालचा आरा तुंब्याचा भार जमिनीवर पोचवतो. सायकलच्या चाकात तारा असतात. तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात. सायकलवर माणूस बसला की खालच्या तारांचा ताण कमी होतो, एवढेच. लंडनचा पाळणा या सायकलच्या चाकासारखाच तारांचा आहे, फक्त उलटा विचार करायचा. इथे आस पक्का धरलेला आहे आणि कडे त्याला लटकलेले आहे. त्यामुळे खालच्या तारांचा ताण वाढतो आणि वरच्यांचा घटतो. वरची तार ढिली पडू नये इतका ताण तिला आधीच द्यावा लागतो.

चाक फिरते तशी प्रत्येक तार आळीपाळीने वर आणि खाली येते, म्हणजे दर फेरीला तिचा ताण एकदा वाढतो, एकदा घटतो. अर्ध्या तासाची फेरी आणि दिवसाचे चौदा तास धरले, तर वर्षाला सुमारे दहा हजार वेळा. त्यावर वाऱ्याचे हेलकावे आणि ऊन-थंडीचे प्रसरण-आकुंचन. ‘थकवा’ हा शब्द धातूंनाही लागू पडतो. मेलबर्नचा १२० मीटरचा पाळणा २००८ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि चाळीसएक दिवसांत, ऐन उष्णतेच्या लाटेत, त्याच्या पोलादात तडे सापडून बंद पडला. नवे चाक बसवून तो पुन्हा उघडायला २०१३ चा डिसेंबर उजाडला, आणि २०२१ मध्ये तो पुन्हा बंद झाला. सर्वात उंच नसलेल्या पाळण्याची ही कथा. विक्रमाला हात घालताना मागचा अनुभव हाताशी नसतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

धोका कोणाचा?

‘सरकारचा एक पैसाही लागणार नाही’ हे वाक्य अशा प्रकल्पांच्या बाबतीत नेहमी ऐकू येते. न्यूयॉर्कमध्येही मोठा हिस्सा खासगी होता. त्यातला बराचसा पैसा, गुंतवणूक केल्यास अमेरिकेत राहण्याचा परवाना मिळावा म्हणून परदेशी कुटुंबांनी घातलेला होता. पण पैसा हा खर्चाचा एकच प्रकार झाला. जमीन सार्वजनिक होती. रोज बोटीने कामावर जाणारे लोक आपल्या मोटारी तिथे लावत. त्यांनी बांधकामाची वर्षे अडचणीत काढली. दुकानदारांनी पर्यटक येणार म्हणून बेत आखले. आणि सहा वर्षे त्या किनाऱ्याचे दुसरे काय करता येईल हा विचारच थांबला. या गोष्टी हिशोबाच्या वहीत येत नाहीत, पण त्यांची किंमत बेटाने मोजली.

हे आपल्यापासून फार दूरचे नाही. २०२० च्या जानेवारीत मुंबईतही वांद्रे-वरळी सागरी सेतूजवळ, वांद्रे रेक्लमेशनला, लंडनच्या धर्तीवर ‘मुंबई आय’ उभारण्याची घोषणा झाली होती. आमचा पाळण्यांना विरोध नाही. मुंबईच्या मुलाला आपले शहर वरून पाहायला मिळावे, असे कोणाला वाटणार नाही? वांद्र्याहून सेतू अगदी हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे अंगठ्याच्या कसोटीवर ती जागा वाईट नाही. पण अशी योजना केव्हाही, कोठेही पुढे आली तर चार प्रश्न विचारायला हवेत. इथून जवळ काय आहे आणि ते किती अंशांचे दिसेल? वर्षातले किती दिवस हवा इतकी स्वच्छ असते? खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत देखभालीला काय लागेल? आणि काम अर्धवट राहिले तर जागा कोणाकडे, कोणत्या स्थितीत परत येईल? ‘जगात कितवा उंच?’ हा प्रश्न या यादीत नाही, आणि तो विचारायची गरजही नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना शाळेच्या गच्चीवर न्यावे. गच्चीची उंची मोजून क्षितिजाचे अंतर काढायला सांगावे, आणि प्रत्यक्षात किती दूरचे दिसते ते नकाशावर पाहावे. दोन्ही आकड्यांत एवढा फरक का पडतो, यावर चांगली चर्चा होते. मग अंगठ्याने जवळचे झाड आणि दूरची टेकडी मोजावी. एका मुलाला सायकलवर बसवून दुसऱ्याने मागच्या चाकाची सर्वात खालची तार छेडावी, मग पहिल्याला उतरवून तीच तार पुन्हा छेडावी. सूर बदलतो. ताण डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला असा ऐकू येतो.

आणि शेवटी जत्रेच्या पाळण्याकडे यावे. घराचे छप्पर दिसले ते पाळणा उंच होता म्हणून की घर जवळ होते म्हणून, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. पुढे नागरिक म्हणून त्यांना मोठ्या घोषणा ऐकाव्या लागणार आहेत. हा प्रश्न विचारायची सवय तोपर्यंत लागलेली बरी.